गोदाकाठचा हिवाळी मुक्काम: तंबू, डोंगरवाट आणि नौकाविहार यांची आखणी

नाशिकमध्ये गोदावरीला गोदावरी म्हणणारा माणूस बहुधा बाहेरगावचा असतो. इथली जुनी माणसे तिला सरळ गंगा म्हणतात. या गंगेच्या वरच्या अंगाला, त्र्यंबकच्या डोंगरापासून गंगापूर धरणापर्यंतच्या पट्ट्यात, दोन रात्रींचा तंबूतला मुक्काम, एका दिवसाची डोंगरवाट आणि एक सकाळ पाण्यावर असा बेत हिवाळ्यात सहज जमवता येतो. चुकते ते वेळापत्रक. बहुतेक मंडळी शनिवारी दुपारी घराबाहेर पडतात, वारा सुटल्यावर बोट शोधतात, अंधारात मोबाईलच्या उजेडात तंबू उभारतात आणि रविवारी ऊन तापल्यावर गड चढायला घेतात. प्रत्येक गोष्ट करण्यासारखी असते, पण प्रत्येक गोष्ट अवेळी होते. येथे सुचवलेला क्रम थंडीने ठरवून दिलेला आहे: तंबू दुपारी चारच्या आत, चढाई उजाडताच, नाव सकाळी नऊनंतर, आणि संध्याकाळी कोठेही जायचे नाही.

नोव्हेंबरच्या उत्तरार्धापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतचा काळ यासाठी योग्य असतो. त्याआधी भातखाचरांत ओल असते आणि वाटेवरचे गवत कमरेएवढे असते. त्यानंतर दुपारचे ऊन डोंगरावर सोसवत नाही. नाताळ ते नववर्ष हा आठवडा मात्र शक्यतो टाळावा, कारण त्या दिवसांत त्र्यंबक रस्त्यावर गाड्यांची रांग लागते आणि पाण्याकाठच्या शांततेवर मोठ्या आवाजातली गाणी चालून येतात. डिसेंबरच्या मध्याला जाणे जमत असेल तर १३ आणि १४ तारखेच्या सुमारास मिथुन राशीतून होणारा उल्कावर्षाव मध्यरात्रीनंतर चांगला दिसतो. त्यासाठी पंचांगात चंद्र कधी मावळतो ते आधी पाहून ठेवावे.

सुमारे ६०० मीटर उंचीवरच्या नाशिकची थंडी हलक्यात घेऊ नये. निफाडजवळच्या कुंदेवाडी येथील गहू संशोधन केंद्रात कडाक्याच्या लाटेत पारा पाच अंशांच्याही खाली उतरतो, आणि तोच पारा दुपारी २७-२८ अंशांवर गेलेला असतो. सामानाची खरी अडचण या वीस अंशांच्या फरकामुळे होते. एक जाडजूड जाकीट नेण्यापेक्षा सुती बनियन, त्यावर लोकरीचा स्वेटर आणि वर वारा अडवणारे पातळ जाकीट असे तीन थर न्यावेत, म्हणजे चढताना एकेक काढता येतो. थंडी किती पडणार हे ओळखण्याची एक स्थानिक खूण आहे. पारा फार उतरला की द्राक्षाचे मणी तडकतात, म्हणून बागायतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात किंवा वेलींना पाणी सोडतात. गिरणारे किंवा दिंडोरीकडच्या एखाद्या शेतकऱ्याला संध्याकाळी विचारावे, "आज बागेत धूर करणार का?" तो हो म्हणाला, तर त्या रात्री एक पांघरूण जास्त लागणार हे नक्की. आकाश ढगाळ असेल तर जमिनीची ऊब वरच्या वर अडते आणि रात्र सुसह्य जाते. तारे जितके स्वच्छ, तितकी पहाट बोचरी.

तंबू कोठे लावावा

गंगापूर धरण हे १९६५ साली पूर्ण झालेले मातीचे धरण शहरापासून साधारण १५ किलोमीटरवर आहे. त्याच्या फुगवट्याच्या, म्हणजे भिंतीमागे साठलेल्या पाण्याच्या, काठाने सावरगाव, गंगावऱ्हे या बाजूंना तंबूत राहण्याची सोय करणारी ठिकाणे आहेत, आणि महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे निवासस्थान व बोट क्लबही याच परिसरात आहेत. स्वतःचा तंबू नेणाऱ्याने खासगी शेतजमिनीच्या मालकाला विचारून, त्याला योग्य ते पैसे देऊन जागा घ्यावी. वनखात्याच्या हद्दीत परवानगीशिवाय मुक्काम करू नये आणि धरणाच्या भिंतीकडे तर फिरकूही नये.

जागेच्या निवडीत माझा एक अनुभव सांगण्यासारखा आहे. पहिल्या खेपेला आम्ही तिघांनी पाण्यापासून दहा पावलांवर तंबू लावला, कारण तेथून मावळतीचे दृश्य सुरेख दिसत होते. शेजारच्या वावरात कांद्याला पाणी देत असलेले एक बाबा हातातले फावडे टेकवून बराच वेळ आमच्याकडे पाहत राहिले आणि मग म्हणाले, "पोरांनो, पाण्यापाशी निजू नका, वर बांधावर या. खाली गारठा साचतो." आम्ही हसून हो म्हटले आणि तेथेच झोपलो. पहाटे चार वाजता तंबूच्या आतल्या बाजूने थेंब गळू लागले, पायाकडची गोधडी पिळून काढावी इतकी ओली झाली, आणि उजाडेपर्यंत तिघेही गाडीत बसून राहिलो. सकाळी बाबांच्या बांधावर जाऊन पाहिले, तर तेथले गवत जवळजवळ कोरडे होते. अंतर असेल शंभर पावलांचे आणि चढ दोन पुरुष उंचीचा.

बाबा म्हणाले त्याचे कारण साधे आहे. थंड हवा जड असल्याने रात्री उतारावरून वाहत खोलगट भागात येऊन थांबते, आणि पाण्यालगत हवेत दमटपणा जास्त असल्यामुळे तेथे दवही भरपूर पडते. म्हणून तंबू काठापासून निदान शंभर पावले दूर, उताराच्या मधल्या टप्प्यावर, एखाद्या बांधाच्या किंवा झुडपांच्या आडोशाला लावावा. अगदी टेकाडाच्या माथ्यावर वारा झोंबतो, तेही नको. हिवाळ्यात शेतीसाठी धरणातून पाण्याचे आवर्तन सुटले की फुगवट्याचे पाणी मागे सरकते आणि काठाला गाळाचा पट्टा उघडा पडतो. वरून सुकलेला, भेगाळलेला दिसणारा हा गाळ आत मऊच असतो आणि त्यात घोट्यापर्यंत पाय जातो. तेथे तंबू नको आणि गाडी तर मुळीच नको.

काळ्या मातीत खुंट्या सहज शिरतात, पण तितक्याच सहज उपटल्याही जातात. मुरमाड जागेत त्या आत जायला त्रास देतात, मात्र एकदा बसल्या की हलत नाहीत. खडक लागला तर खुंटीचा नाद सोडून दोरी मोठ्या धोंड्याला गुंडाळावी. खुंटी तंबूच्या विरुद्ध दिशेला कललेली ठोकावी आणि तंबूचे तोंड उगवतीकडे ठेवावे, म्हणजे सकाळचे पहिले ऊन आत येते. डिसेंबरच्या अखेरीस नाशिकला सूर्य सातच्या थोडे पुढे उगवतो आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास मावळतो. म्हणजे तेरा तासांची रात्र काढायची आहे, हे ध्यानात ठेवून बाकीची तयारी करावी.

या तेरा तासांत थंडी वरून जितकी लागते, त्याहून जास्त खालून लागते. अंगाखाली दाबली गेलेली गादी किंवा स्लीपिंग बॅग ऊब धरून ठेवत नाही, आणि जमीन अंगातली उष्णता रात्रभर ओढून घेत राहते. भाताची कापणी आणि झोडणी झालेली असल्याने या भागात पेंढा मुबलक असतो. शेतकऱ्याकडून दोन-तीन भारे मागून घ्यावेत, वितभर जाडीचा थर पसरावा, त्यावर तंबूचा तळ यावा, आत फोमची चटई आणि तिच्यावर घोंगडी. फोमची चटई नसली तरी चालेल, पेंढा मात्र हवाच. सकाळी तो परत मालकाच्या गोठ्याकडे नेऊन द्यावा. झोपताना दिवसभर घामेजलेले कपडे बदलून कोरडे घालावेत, पायमोजे तर अवश्य बदलावेत, आणि स्टीलच्या बाटलीत कढत पाणी भरून, ती जुन्या पायमोज्यात घालून पायाशी ठेवावी. तंबूची जाळी वरच्या बाजूने चार बोटे उघडी ठेवली नाही, तर श्वासातली वाफ कापडावर साचून थेंबाथेंबाने अंगावर येते. गारठा असह्य झाला तरी कोळशाची शेगडी किंवा निखाऱ्याचे घमेले तंबूत कधीही नेऊ नये. बंद जागेत साचणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला जाग येत नाही.

शेकोटी पेटवायची ती मालकाला विचारून, वाळलेल्या गवतापासून दूर, भोवतीची जागा खरवडून आणि शेजारी पाण्याची बादली ठेवून. या दिवसांत डोंगरउतारावरचे गवत इतके वाळलेले असते की एका ठिणगीने वणवा लागतो. जेवणाच्या बाबतीत फार उपदेशाची गरज नाही: बाजरीची भाकरी, पिठले, ठेचा, वर गुळाचा खडा. मिळाला तर ज्वारीचा हुरडा. झोपण्यापूर्वी मूठभर शेंगदाणे आणि तिळाचा लाडू खाल्ला तर पहाटेची हुडहुडी कमी भरते, असा माझा अनुभव आहे. एक गोष्ट मात्र आवर्जून पाळावी: गंगापूरचे पाणी नाशिक शहर पिते, त्यामुळे भांडी आणि तोंड धुण्याचे साबणाचे पाणी काठावर न सांडता लांब शेताकडे टाकावे.

डोंगरवाट

पहिल्या दिवशी दुपारी पाय मोकळे करायचे असतील तर पेठ रस्त्यावरच्या आशेवाडीचा रामशेज पुरेसा आहे. तासाभरात माथा गाठता येतो, वाटेत कातळात कोरलेले रामाचे मंदिर आहे, आणि औरंगजेबाच्या फौजांना कित्येक वर्षे झुंजवणारा किल्ला एवढा बुटका असावा याचे आश्चर्य वाटत राहते. मात्र रामशेज करायचा असेल तर त्या दिवशी घरून सकाळीच निघावे, नाहीतर तंबूची चारची वेळ हुकते.

मुख्य चढाईसाठी अंजनेरी निवडावी, असे माझे मत आहे. हरिहर गडाच्या कातळकोरीव उभ्या पायऱ्यांचे फोटो सगळ्यांना खुणावतात. पण चढणारे आणि उतरणारे त्याच अरुंद जिन्यावर समोरासमोर येतात, आणि सुटीच्या दिवशी खोबणीत बोटे अडकवून ताटकळत उभे राहावे लागते. लहान मुले किंवा उंचीची भीती असणारे बरोबर असतील तर तो मोह आवरावा. त्र्यंबकचा ब्रह्मगिरी डोंगर पवित्र आहे, गोदेचा उगम तेथला आहे, वाट पायऱ्यांची आणि सोपी आहे. पण तेथे माकडांपासून खाऊची पिशवी सांभाळण्यातच निम्मा जीव जातो.

अंजनेरी गाव नाशिक-त्र्यंबक रस्त्यावर, शहरापासून सुमारे २० किलोमीटरवर आहे आणि तेथवर त्र्यंबककडे जाणारी बस पोहोचवते. हनुमानाचे जन्मस्थान म्हणून हा डोंगर ओळखला जातो. गावाच्या वरून सातच्या सुमारास चालायला सुरुवात करावी. घळीतल्या पायऱ्या सकाळी सावलीत असतात, कातळ गार असतो आणि कड्यातली जैन लेणी पाहायला दम खाण्याचे निमित्त मिळते. पायऱ्या संपल्या की एकदम विस्तीर्ण पठार लागते. तेथे अंजनीमातेचे मंदिर आहे, आणि पुढे पावलाच्या आकाराचे तळे. मारुतीच्या पायाच्या दाबाने ते झाले असे सांगतात. तळ्याच्या काठी बसून डबा खावा. पुढचा टप्पा चढून बालेकिल्ल्यावरच्या दुसऱ्या मंदिरापर्यंत जाता येते, तेथे उंची सुमारे १,२८० मीटर भरते आणि उत्तरेला गंगापूरच्या पाण्याचा पट्टा चकाकताना दिसतो. आपला तंबू त्या पट्ट्याच्या कोणत्या वळणावर आहे हे ओळखण्याचा खेळ मुलांना फार आवडतो.

या डोंगराला संरक्षित क्षेत्राचा दर्जा आहे, आणि त्याचे कारण पायवाटेवरून चालताना लक्षात येत नाही. सेरोपेजिया अंजनेरिका या कंदीलपुष्पाच्या जातीला नावच या डोंगरावरून मिळाले आहे. ते पावसाळ्यात फुलते. हिवाळ्यात त्याचा कंद मातीखाली निजलेला असतो आणि आडवाटेने चालणाऱ्याचा बूट नेमका त्यावर पडतो. म्हणून मळलेली वाट सोडू नये. कड्यांत लांब चोचीच्या गिधाडांची घरटी असतात आणि त्यांच्या विणीचा हंगाम हिवाळ्यातच येतो. तेथे आरोळ्या देऊ नयेत, ड्रोन उडवू नये. कातळाला लटकलेली आग्या मोहळे दिसली तर धूर, अत्तर आणि गलका या तिन्ही गोष्टी टाळून शांतपणे पुढे निघावे.

माणशी दोन लिटर पाणी न्यावे. थंडीत तहान लागत नाही आणि डोके मात्र दुपारी दुखू लागते, ते पाणी कमी प्यायल्यामुळे. उतरताना घसाऱ्यावर आणि वाळलेल्या गवतावर बूट सरकतो, त्यामुळे पाऊल आडवे टाकत, गुडघे किंचित वाकवून उतरावे. दोन वाजेपर्यंत खाली येता आले तर गावाजवळच्या नाणेशास्त्र संशोधन संस्थेत डोकावता येईल. डोंगरासाठी आलेल्यांपैकी फार थोडे तेथे जातात, ही खेदाची गोष्ट आहे.

अंधार पडल्यावर मात्र शेताच्या वाटांनी भटकू नये. नाशिक परिसरात बिबट्याचा वावर नेहमीचा आहे. लघवीला बाहेर पडतानाही दोघांनी मिळून जावे, टॉर्च लावून बोलत जावे, मुलांना एकटे सोडू नये आणि उरलेले मटण किंवा हाडे तंबूभोवती टाकू नयेत, कारण त्या वासाने कुत्री येतात आणि कुत्र्यांच्या मागावर बिबट्या येतो. सकाळी बूट झटकून घालण्याची सवय विंचवांमुळे लावून घ्यावी.

पाण्यावरची सकाळ

दुसऱ्या रात्रीनंतरची सकाळ नावेसाठी राखून ठेवावी. पहाटे फुगवट्यावर धुके साचते, कारण पाणी हवेपेक्षा उबदार असते आणि त्याची वाफ गार हवेत येताच दाट होते. ते पाहायला काठावर उभे राहावे, हातात चहा असावा, पण नाव हलवण्याचा आग्रह धरू नये. धुक्यात मासेमारीच्या जाळ्यांच्या खुणा आणि पाण्याखालच्या झाडांचे बुंधे दिसत नाहीत. नऊच्या सुमारास धुके विरते, ऊन अंगाला लागते आणि पाणी अजून आरशासारखे असते. दुपार होऊ लागली की वारा सुटतो, लहान लाटा उठतात, आणि वल्ह्याच्या नावेला परतीचा प्रवास जड जातो. बोट क्लबची वेळ, दर आणि त्या दिवशी कोणत्या बोटी चालू आहेत हे आदल्या दिवशीच तिकीट खिडकीवर विचारून घ्यावे, कारण पाणी खाली गेले की धक्का बदलतो.

लाईफ जॅकेट नुसते अडकवून फोटो काढणे पुरेसे नसते. पट्टे ओढून बकले लावल्यावर दुसऱ्या माणसाने खांद्याजवळ धरून जॅकेट वर उचलून पाहावे. ते हनुवटीच्या वर सरकले तर पाण्यात पडल्यावर निघून जाणार, असे समजावे. मुलांना मोठ्यांचे जॅकेट चालत नाही, लहान मापाचे नसेल तर त्या बोटीत बसू नये. कोळ्यांच्या होड्या दिसायला मोहक असतात. मात्र जॅकेट नसेल तर तेथेही बसू नये, नावाडी कितीही सराईत असला तरी. चढताना पाऊल काठावर न देता तळाच्या मध्यावर द्यावे, खाली वाकून बसावे, आणि पक्षी दिसला म्हणून सगळ्यांनी एकाच बाजूला झुकू नये. लोकरीचा स्वेटर जॅकेटच्या आत राहू द्यावा, कारण पाण्यावर काठापेक्षा गार वाटते. मोबाईल प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवावा.

फुगवट्याच्या मध्यभागी नावाड्याला इंजिन बंद करायला सांगावे. नैऋत्येला ब्रह्मगिरी आणि अंजनेरीची रांग उभी असते. आदल्या दिवशी ज्या तळ्याकाठी डबा खाल्ला, तो माथा येथून निळसर आणि सपाट दिसतो. कश्यपी आणि गौतमी या वरच्या धरणांचे पाणीही याच जलाशयात उतरते. पोहण्याचा मोह मात्र नको: काठावरचा उतार कोठे एकदम तुटतो ते वरून कळत नाही, आणि हिवाळ्यातल्या गार पाण्यात हातपाय लवकर आखडतात.

वेळ हाताशी असेल तर तंबू आवरून त्याच गंगेच्या खालच्या अंगाला, गाडीने साधारण दीड-दोन तासांवरच्या नांदूरमधमेश्वरला जावे. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळच्या बंधाऱ्यामागे तयार झालेल्या या पाणथळीला २०२० मध्ये महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ म्हणून मान्यता मिळाली. येथे नाव शोधू नये, पायी फिरावे. चापडगावच्या बाजूने आत गेल्यावर मातकट रंगाचे कपडे घालून, दुर्बीण गळ्यात अडकवून, सूर्य पाठीशी राहील असा निरीक्षण मनोरा धरावा. चक्रवाक जोडीने दिसतात, तलवार बदके आणि थापट्या थव्याने, चित्रबलाक झाडांवर. वारकरी पक्षी तर इतके असतात की थोड्या वेळाने त्यांच्याकडे कोणी पाहत नाही. दलदलीवरून भोवत्या हा शिकारी पक्षी खाली झेपावला की सगळा जलाशय एकदम उठतो.

घरी परतल्यावर थकवा कितीही असला तरी तंबू पिशवीतून काढून गच्चीवर पसरावा. काठावरून निघताना तो कोरडा वाटला तरी तळाच्या शिवणीत दव राहिलेले असते, आणि आठवडाभर गुंडाळून ठेवला तर बुरशीचे काळे ठिपके धरतात, ते पुन्हा जात नाहीत. खुंट्या मोजून घ्याव्यात. आमच्याकडे त्या दर वेळी एक कमी भरते.